बीड ते संभाजीनगर : एका कॉम्प्युटरसाठी

मैत्रिणींनो, बीडला पाहुणे आले की आम्ही दोन गोष्टी दाखवतोच. पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वराचं देऊळ आणि गावाबाहेरची, सोळाव्या शतकातली खजाना विहीर. दिवस सीताफळांचे असले तर बालाघाटच्या सीताफळांची टोपलीही बरोबर देतो. (त्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, बरं का!) पण गावामधून वाहणारी बिंदुसरा मात्र कुणी मुद्दाम दाखवायला नेत नाही. उन्हाळ्यात तिच्याकडे पाहून तुम्ही म्हणाल, ही कसली नदी! हीच नदी २३ जुलै १९८९ ला गावात शिरली होती. घरं गेली, माणसं गेली.

आमचं घर तेव्हा नदीकाठीच होतं. सासूबाईंचा थोरला मुलगा, म्हणजे यांचा मोठा भाऊ, त्या पुरात गेला. दहा वर्षांचा होता. हे तेव्हा पाच वर्षांचे, यांना आज त्याचा चेहराही नीट आठवत नाही. मागे राहिला एकच फोटो, शाळेच्या गॅदरिंगमध्ये मावळा झाला होता तेव्हाचा. तोही चिखलातून काढलेला, फ्रेमच्या काचेला चिकटून बसलेला. अर्ध्या गालावर पाण्याचा पिवळा डाग.

मागच्या दिवाळीत माझ्या भाच्याने मोठ्या उत्साहाने तो मोबाइलवर घेतला, कुठल्याशा ॲपमध्ये टाकला आणि दोन मिनिटांत गोरापान, गुळगुळीत चेहरा सासूबाईंसमोर धरला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. "हे कुणाचं लेकरू? आपला न्हाई हा," म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. भाचा बिचारा ओशाळला. त्याची तरी काय चूक? त्या ॲपला जे दिसत नाही ते ते आपल्या मनाने रचतं. नाक रचलं, दातही रचले!

त्या रात्री मी ठरवलं, हा फोटो आपण हाताने, डाग डाग करून साफ करायचा. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेतले कार्यक्रमांचे फोटो मीच नीटनेटके करते, तेवढी सवय आहे. पण शाळेच्या कॉम्प्युटरवर मोठा फोटो उघडला की चहा पिऊन यावं तोवर घड्याळच फिरत राहतं. भिशीचे वीस हजार आणि पगारातून बाजूला टाकलेले तीस, असे पन्नास हजार गाठीला होते. यांना विचारलं तर म्हणाले, "फ्रिज घ्यायचा होता ना?" फ्रिज काय, पुढच्या वर्षी येईल.

आधी गावातच सुभाष रोडला चक्कर मारली. एका दुकानात काचेची पेटी, आत लाल-निळे दिवे. किंमत ऐंशी हजार! "ताई, फोटोसाठी ग्राफिक कार्ड लागतंच," दुकानदार म्हणाला. ते मला तेव्हाच पटलं नव्हतं, आणि पुढे कळलं ते खरंच होतं. खेळांना आणि व्हिडिओला ते कार्ड हवं. साध्या फोटोकामाला प्रोसेसरमध्ये असतं तेवढं ग्राफिक्स पुरतं. दुसऱ्या दुकानात ऑफिसातून काढलेला जुना कॉम्प्युटर अवघ्या बारा हजारांत मिळत होता. मन डळमळलंच. पण प्रोसेसर कितव्या पिढीचा म्हणून विचारलं तर सहाव्या. मैत्रिणींनो, जुनं घेताना हे जरूर विचारा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आठवीच्या पुढचा मिळाला असता तर मी जुनाच घेतला असता.

मग एका शनिवारी सकाळी एस.टी.ने संभाजीनगर गाठायचं ठरलं. मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट झालंय, ते अशा वेळी फार उपयोगी पडतं. गेवराई मागे पडली की शहागडला गोदावरी लागते. पुलावर बसमधल्या बायका सवयीने हात जोडतात, कुणी खिडकीतून नाणं टाकतं. सासूबाई बरोबर आल्या होत्या. त्यांनी हात जोडले नाहीत, नुसत्या पाण्याकडे पाहत राहिल्या. मी काही बोलले नाही. पुढे पाचोडला मोसंबी घेतली, ती सोलता सोलता त्याच म्हणाल्या, "कशाला गं एवढा खर्च? लेकरू गेलं, फोटोचं काय!" आणि पाचच मिनिटांनी, "पण त्याचा फेटा नीट दिसंल का?"

संभाजीनगरच्या दुकानातला मुलगा भला निघाला. तो आधी विचारू लागला की काम काय. भाच्याच्या कॅमेऱ्याने फोटो काचेसकट टिपला होता. (काच ओढून काढायची नाही हं! भिजलेल्या फोटोचा वरचा थर काचेलाच चिकटलेला असतो, तो फाटून येतो. शाळेच्या स्कॅनरवरही ठेवून पाहिला होता, पण काचेच्या जाडीमुळे पुसट आला.) त्या एका चित्रात २ कोटी ४० लाख ठिपके. सोळा बिटांत उघडलं की एकेक थर दीडशे एमबीच्या घरात, आणि आपण थरावर थर चढवणार. म्हणून रॅम सोळा जीबी हवीच. ती मात्र महाग पडली. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती जगभर चढल्या आहेत, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांना ती लागते म्हणून. म्हणजे ज्याने आमच्या लेकराला परक्याचं नाक लावलं, त्यानेच माझी रॅमही महाग केली!

तोल साधला तो असा. प्रोसेसर मधला, सहा कोअरचा, ग्राफिक्स त्यातच. आठ-आठच्या दोन रॅम, ५१२ जीबीची एसएसडी. दिव्यांची पेटी नको. वाचले ते पैसे पडद्यात घातले. पडद्यावर काटकसर करू नका. स्वस्त पडद्यावर मान हलली की रंग बदलतो, मग डाग गेला की पडद्याने झाकला तेच कळत नाही. 'आयपीएस' पडदा मागा आणि एसआरजीबीचे रंग जवळपास शंभर टक्के दाखवतो ना, ते विचारा. मी २४ इंची घेतला. फोटोशॉपला वर्गणी भरत राहावी लागते, मी गिम्पवर काम करते, ते फुकट आहे. यूपीएस जड, म्हणून तो बीडलाच घेतला. शिवाय बाहेरची हार्ड डिस्क. एका पुरात सगळं गेलेलं घर आहे आमचं, एकच प्रत कशी ठेवू? सगळं मिळून बावन्न हजारांवर गेलं. वरचे यांनी मुकाट्याने दिले.

परतताना पडद्याचं खोकं सासूबाईंनी मांडीवरून खाली ठेवू दिलं नाही. कंडक्टर म्हणाला, "आजी, वर ठेवा की." त्यांनी उत्तरच दिलं नाही.

रोज रात्री भांडी झाल्यावर तासभर, असे तीन आठवडे गेले. फेट्याची घडी न घडी दिसू लागली. कमरेची लाकडी तलवार दिसली. डोळे तर जसेच्या तसे होते. गालावरच्या डागाखाली मात्र काहीच उरलं नव्हतं. तिथे दुसऱ्या गालाचा तुकडा आणून बसवता आला असता. माझा हात माऊसवर थांबला. सासूबाई शेजारी स्टुलावर बसून होत्या. मी विचारलं, "आई, इथे काय करू?"

एवढ्यात वीज गेली. यूपीएस टुकटुकायला लागला, घरात तेवढा एकच पडदा उजळ राहिला. त्या पुढे वाकल्या, बोट काचेला न लावता गालाजवळ नेलं.

"ऱ्हाऊ दे तेवढं," म्हणाल्या. "आधी ठेवून दे, बंद पडंल."

मी फोटो जतन केला, हार्ड डिस्कवरही घेतला, आणि मग कॉम्प्युटर बंद केला.