अहो, अंगणात एक काठी रोवा!

थांबा, आधी हे ऐका! मला भूगोलातलं ओ की ठो कळत नाही. अक्षांश आडवे की उभे, हा गोंधळ शाळेपासून परवापर्यंत जसाच्या तसा होता. पण २१ मार्चला कोलाडला बहिणीकडे गेले. सहावीतली भाची भूगोलाचं पुस्तक घेऊन बसलेली. बालभारतीचा धडा, 'चला, वृत्ते वापरूया'. म्हणाली, "मावशी, आपण १८.४ उत्तर, ७३.२ पूर्व. शोध बघू!"

मी आकडे मोबाइलच्या नकाशात घातले. उलटे! आणि गेले थेट नॉर्वेच्या उत्तरेला, भर समुद्रात! आंबेवाडी नाका नाही, कुंडलिका नाही, नुसतं निळं पाणी! भाची हसून लोटपोट. "अगं मावशी, आधी अक्षांश!"

सुलटे घातले. आलं की कोलाड! आणि मग मला हावच सुटली आणि मग रेखांश तोच ठेवून अक्षांश २२.३ केला तर बडोदं! आपल्या नाकासमोर उत्तरेला बडोदं, आणि मला पत्ताच नाही! आणि मग १७ केला तर रत्नागिरीच्या किनाऱ्यासमोर. म्हणजे पुन्हा पाण्यात!

"पण हे आकडे आले कुठून गं?" तर म्हणे, काठीला विचार!

मग काय! ९० सेंटिमीटरची काठी अंगणात रोवली, दोरीला दगड बांधून ओळंबा लावला आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवत बसलो. बारा वाजले. म्हटलं, झालं! कसलं काय! सावली अजून आखडतेच आहे! सव्वाबारा, साडेबारा, बहीण जेवायला हाका मारतेय आणि सावली थांबली पावणेएकला! का? तर आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळच्या ८२.५ रेखांशावर. आपण त्याच्या ९.३ अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं, झाली ३७! उरलेली सात-आठ खुद्द सूर्याची. मार्चमध्ये तोही उशिरा येतो म्हणे. (आमच्या एस.टी.सारखा!)

आणि सावली किती? ३० सेंटिमीटर! काठीच्या बरोब्बर एक तृतीयांश! आणि मग वहीत ९ सेंटिमीटरची उभी रेघ, पायाशी ३ सेंटिमीटरची आडवी, दोन्ही टोकं जोडली आणि वरच्या कोपऱ्यात कंपासपेटीतला कोनमापक ठेवला. अठराच्या जरासा पुढे! अहो, कोलाडचा अक्षांश! काठीनं सांगितला! मी अंगणात ओरडलेच, शेजारच्या काकू बाहेर आल्या.

हे गणित इतकं सोपं जमतं ते सूर्य विषुववृत्तावर असतो तेव्हाच. पण मेच्या मध्याला याहून गंमत आहे. कोलाडला दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली चक्क नाहीशी होते! काठी जपून ठेवलीय. तुम्हीही या, येताना टोपी तेवढी आणा!