सगळं जपानी, फक्त 199!

शनिवारी सकाळी एक्स्प्रेस-वेवर पुण्याहून लोणावळ्याकडे गाड्यांची रांग लागलेली असते. त्याच वेळी मावळातली आम्ही मंडळी उलट्या दिशेनं निघालेलो असतो. भुशी डॅम, टायगर पॉइंट, धुकं, भाजलेलं कणीस हे सगळं तुमच्यासाठी! तळेगाव, वडगाव, कामशेतच्या पोरापोरींचा वीकेंड म्हणजे मॉल. पूर्वी त्यासाठी थेट पुण्यात शिरावं लागायचं. सप्टेंबर 2023 मध्ये वाकडला फिनिक्स मॉल ऑफ द मिलेनियम उघडला आणि मॉल एकदम हाताशी आला. देहूरोडला बायपास पकडायचा, बाकी ट्रॅफिकच्या कृपेवर.

आता नवा मॉल कुठलाही असो, त्यात एक दुकान हमखास असतं. पांढरेशुभ्र दिवे, फिक्या रंगाची लाकडी शेल्फं, पाटीवर चार जपानी अक्षरं आणि आत सगळं काही. पाण्याच्या बाटल्या, उशा, मोजे, पेनं, फेसमास्क, केसांच्या क्लिपा, बरण्या. बहुतेक वस्तू 199 नाहीतर 299. परवा अशाच एका दुकानात मी मावसबहिणीला घेऊन गेले. मॉलचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ही दुकानं आतून इतकी सारखी असतात, की तुम्ही गेला असाल ते हेच असंही वाटेल.

मावसबहिणीला न्यायचं कारण होतं. ती हिंजवडीत एका कंपनीत जपानी क्लायंटचं काम बघते. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची कमी नाही. आमच्या प्रत्येक लग्नात 'सध्या एन-थ्री करतेय' म्हणणारी एक तरी मुलगी भेटतेच. ही एन-टू झालेली, म्हणजे लेबलं वाचू शकणारी! तिनं एक बाटली उचलली, मागचं जपानी वाचलं आणि खुदकन हसली.

"ताई, यावर काय लिहिलंय माहितीये? 'ही बाटली तुमच्या पाण्याला आनंद करते.'"

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही गं. हे जपानी माणसानं लिहिलेलंच नाहीये."

बाटली उलटी केली. तळाशी बारीक अक्षरांत, मेड इन चायना.

शंभर येनची गोष्ट

खरी जपानी 'एकच दर' दुकानं आहेत, आणि त्यांची गोष्ट भारी आहे. हिरोताके यानो नावाचा माणूस 1972 पासून हिरोशिमा भागात ट्रकमधून घरगुती वस्तू विकायचा. एके दिवशी माल मांडायच्या आतच गिऱ्हाइकं गोळा झाली. किमतीची लेबलं शोधायला वेळ नव्हता, तेव्हा हा म्हणाला, शंभर येन द्या, सगळं शंभर येन! तोच पुढे धंदा झाला. 1977 मध्ये त्यानं 'दाइसो' कंपनी काढली. यानो फेब्रुवारी 2024 मध्ये वारले, तोवर त्यांची दुकानं जगभर पोचली होती. तिकडे 2019 पासून दहा टक्के कर लागल्यामुळे बहुतेक वस्तूंचे आता 110 येन पडतात, पण लोकांच्या तोंडी अजून 'शंभर येनचं दुकान'च आहे.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या यात्रेला जा, नाहीतर कुठल्याही आठवडे बाजारात. 'हर माल' ओरडणारा गाडीवाला भेटतोच. फरक एवढाच, की तिथे एसी नसतो आणि पिशवी मागितली तर तो वर बघतो.

आपल्या मॉलमधली दुकानं मात्र बरीचशी दाइसोच्या नव्हे, तर मिनिसोच्या वळणाची. मिनिसो ही चिनी कंपनी. 2013 मध्ये ग्वांगझौला सुरू झाली, 2017 मध्ये भारतात आली. बरीच वर्षं ती स्वतःला 'जपानी डिझायनर ब्रँड' म्हणवायची. 2022 मध्ये तिच्या स्पेनमधल्या सोशल मीडिया पोस्टमध्ये चिनी पोशाखातल्या बाहुल्यांना जपानी गेशा म्हटलं गेलं. चीनमध्येच लोक इतके भडकले, की ऑगस्ट 2022 मध्ये कंपनीनं जाहीर माफी मागितली आणि मार्च 2023 पर्यंत जगभरातून जपानी खुणा काढू, असं सांगितलं. एका ब्रँडनं माफी मागितली, पण त्या वळणाची दुकानं काही कमी झाली नाहीत. 'जपानी' शब्दाला भाव आहे ना!

आजीचं 'जपानी'

गंमत म्हणजे आमच्या आजीच्या तोंडी याच शब्दाचा अर्थ बरोबर उलटा होता. खेळणं दुसऱ्या दिवशी मोडलं, छत्रीची काडी निसटली, की ती म्हणायची, "जपानी काम ते, टिकायचं नाही." तिच्या लहानपणी बाजारात स्वस्त जपानी माल खच्चून भरलेला असायचा. जपानी कापड इतकं स्वस्त पडायचं, की 1933 मध्ये सरकारनं ब्रिटिशांखेरीज इतर परदेशी सुती कापडावरची जकात 75 टक्क्यांवर नेली. मग 1983 च्या डिसेंबरात सुझुकीच्या जोडीनं मारुती 800 रस्त्यावर आली, आणि आमच्या बाबांच्या पिढीसाठी 'जपानी' म्हणजे न बिघडणारं झालं. आमच्या पिढीसाठी 'जपानी' म्हणजे क्यूट, पेस्टल आणि मिनिमल. शब्द एकच, तीन पिढ्यांत तीन अर्थ.

आणि त्याही आधीचा एक अर्थ आहे. तो थेट आमच्या तळेगावात सापडतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसाफंड' उभा केला. कल्पना साधी. प्रत्येकानं वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा. तेव्हाच्या रुपयात 64 पैसे, म्हणजे गरिबातल्या गरिबालाही परवडेल इतका. लोकमान्य टिळकांनी ही चळवळ उचलून धरली. जमलेल्या पैशातून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. काच करायची कशी, हे कोणाला ठाऊक? ईश्वरदास वार्ष्णेय नावाच्या तरुणाला. तो काच शिकायला आधी जपानला गेला होता आणि नंतर अमेरिकेत एमआयटीमध्ये. तळेगावच्या कारखान्याच्या उभारणीत त्याचा हात होता. पुढे आजच्या उत्तर प्रदेशातही त्यानं काचेचा उद्योग उभा केला.

म्हणजे बघा, सव्वाशे वर्षांपूर्वी 'जपानी'चा अर्थ होता 'शिकून घेण्यासारखं'. काच बाहेरून विकत घ्यावी लागू नये, म्हणून एक मुलगा जपानला जातो, आणि ती इथे करण्यासाठी हजारो लोक एक-एक पैसा देतात. हाही 'एकच दर'च की! फक्त त्या एका पैशात घरी न्यायला वस्तू मिळत नव्हती. गावाच्या कारखान्यात आपला वाटा आहे, एवढं समाधान मिळत होतं.

"ओरिजिनल आहे ना?"

बिलिंग काउंटरवरच्या मुलीनं माझा पत्ता टाइप करताना मान वर केली. "तळेगाव? मी कामशेतची." मागे रांग नव्हती, मग बोलणं झालं. सकाळी लोकलनं चिंचवडपर्यंत, तिथून शेअर रिक्षा. रात्री दहाला शटर, मग परतीची लोकल, घरी पोचेपर्यंत बारा. भाऊ तळेगाव एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर होता, ते काम सुटलं. सध्या घर हिच्या पगारावर.

"कस्टमर काय विचारतात?"

"एकच. ओरिजिनल जपानी आहे ना? आम्हाला हो म्हणायला सांगितलंय."

"आणि तुझ्या घरी यातलं काय आहे?"

"एक बाटली. झाकण गळतं."

मी हसले, ती हसली नाही. तिच्या दृष्टीनं त्यात विनोद नव्हता. 199 रुपये तिला 199 रुपयेच वाटतात. आपल्याला मात्र 'फक्त' वाटतात, आणि त्या 'फक्त'च्या जोरावर आपण नको असलेल्या सात वस्तू बास्केटमध्ये टाकतो. एकच दर असला, की किंमत बघायची सवय सुटते. किंमत बघायची सुटली, की वस्तू कुठून आली, कोणी केली, किती टिकेल, हे प्रश्नही सुटतात. मला त्या दुकानाबद्दल खटकलं ते एवढंच. स्वस्त वस्तूंवर माझा राग नाही. माझ्यासारख्या फ्रीलान्सरचं भाड्याचं घर असल्याच वस्तूंवर उभं राहतं.

मी घेतली एक काचेची बरणी, लाकडी झाकणाची, शेल्फवर सगळ्यात 'जपानी' दिसणारी. लेबल वाचलं. मेड इन इंडिया, पत्ता फिरोजाबाद, उत्तर प्रदेश! ती बरणी चांगली आहे. जाड काच, स्वच्छ कडा, झाकण घट्ट. तिला जपानी अक्षरांची काहीही गरज नव्हती. 'फिरोजाबादची काच' असं लिहून ती त्याच शेल्फवर ठेवली असती, तर आपण उचलली असती का? तुमचं उत्तर तुम्ही द्या. मावसबहीण म्हणाली, "नसती उचलली." मला वाटतं, निदान यापुढे उचलावी.

जाणार असाल तर

* लेबल उलटं करून वाचा. पाकीटबंद मालावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. आयात मालावर मूळ देशही हवा. वाचायला दहा सेकंद लागतात.
* काच, कापड, स्टेशनरी बिनधास्त घ्या. चार्जर, इअरफोन घेताना बीआयएसचा मार्क आहे का ते बघा. बाटलीचं झाकण मात्र तिथेच लावून बघा!
* लोणावळ्याहून किंवा तळेगावहून जाणार असाल तर लोकलनं चिंचवड, पुढे रिक्षा. पार्किंगची कटकट वाचते.
* रात्री साडेनऊनंतर 'जरा अजून बघते' म्हणत दुकानात रेंगाळू नका. काउंटरवरच्या कोणाला तरी लोकल पकडायची असते.