मरणाऱ्या पोपटाभोवती

वॉल्टन फोर्ड या अमेरिकी चित्रकाराचं ‘डाइंग वर्ड्‌स’ हे २००५ सालचं मुद्राचित्र लांबून पक्षिचित्रकार ऑड्युबॉनच्या ‘बर्ड्‌स ऑफ अमेरिका’तलं सुटं पान वाटतं. तोच ताम्रपट, आम्लानं खोदलेल्या त्याच रेषा, ॲक्वाटिंटच्या त्याच दाणेदार छटा. जवळ गेल्यावर मात्र रचना भलतीच निघते. बेंजामिन वेस्टनं १७७० मध्ये रंगवलेलं जनरल वुल्फचं मरण फोर्डनं उचललं आहे. सेनानी आणि त्याचे सोबती यांच्या जागी कॅरोलिना पोपट बसवले आहेत. हा ब्रिटिश सेनानी क्विबेकच्या लढाईत १७५९ मध्ये पडला. ज्या वसाहतींच्या विस्तारानं पुढे या पोपटांचा निर्वंश केला, त्याच्याच एका वीराचं मरण पोपटांच्या वाट्याला आलं. आक्रमक चित्रात कुठेच नाही, पण मांडणी सगळी त्याची. शैलीही त्याचीच म्हणायची, कारण ऑड्युबॉन पक्षी आधी गोळी घालून पाडायचा, तारेनं हव्या त्या पवित्र्यात बांधायचा आणि मग रंगवायचा.

पाखरांना माणसाचा शोक चिकटवणं हा भाबडेपणा आहे, असं कुणी म्हणेल. फोर्डनं आपल्या चित्रसंग्रहाचं नाव ‘पंचतंत्र’ ठेवलं आहे, तेव्हा मुखवट्यांचा खेळ त्याला मान्यच असणार. पण इथं मुखवट्याखाली निरीक्षण आहे. एक पोपट पडला की थवा त्याच्याभोवती पुन्हा पुन्हा फिरून येई, आणि म्हणूनच शेतकऱ्यांना, शिकाऱ्यांना सगळा थवा टिपता येई. जंगलं तुटली, टोप्यांसाठी पिसं गेली; युरोपातून आणलेल्या मधमाश्यांनी ढोल्या बळकावल्या असाव्यात, असाही एक तर्क आहे. पिंजऱ्यातला शेवटचा पोपट १९१८ मध्ये सिनसिनाटीत मेला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आक्रमणाविषयीची अशी कला ‘परका तो वाईट’ हेच तर शिकवत नाही ना? शिकवू शकते, परक्या पाखराला राक्षस केलं की झालं. म्हणूनच फोर्डनं इथं आक्रमक पक्षी टाळला हे मला मोलाचं वाटतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींची जी यादी प्रसिद्ध आहे, तिच्यात पक्षी तीनच: युरोपीय स्टार्लिंग, आपली साळुंकी आणि आपलाच लालबुड्या बुलबुल. साळुंकीला १८६० च्या दशकात मेलबर्नला नेलं ते कीड खाण्यासाठी. अंगणात निरुपद्रवी वाटणारी ही पाखरं तिथं स्थानिक पक्ष्यांच्या ढोल्या बळकावतात. साळुंकीचं मुद्राचित्र करायला कुणी ऑस्ट्रेलियन बसलाच, तर ताम्रपटावर पिंजरा आणि जहाजही कोरावं लागेल.