हात तोच, चेंडू मागे

ओहोटी लागली की भुईगावला सुरूच्या बनासमोर ओल्या रेतीचा कडक पट्टा उघडा पडतो. टेनिसचा चेंडू त्यावर नीट उसळतो. भरती येईपर्यंत तेच आमचं मैदान, आणि स्लोअर वन, म्हणजे मुद्दाम हळू सोडलेला चेंडू, टाकायचा नाद मला लागला तो तिथेच.

स्लोअर म्हटलं की सगळं शरीरच हळू होऊ पाहतं. धाव मंदावते, खांदा सैल पडतो आणि चेंडू सुटायच्या आधीच फलंदाज सावध होतो. खरं तर धाव नेहमीचीच हवी, उडी तीच, हाताचा फेराही तेवढ्याच जोराचा. बदलायची ती फक्त पकड. चेंडू तळव्यात खोल बसवला, अंडं धरावं तसा, की सुटताना बोटांचा रेटा त्याला मिळत नाही. बेसबॉलमधला चेंजअप असाच टाकतात. स्लोअरचाच दुसरा प्रकार म्हणजे नकल बॉल, हे नावही तिकडचंच. त्यात वाकवलेल्या बोटांची टोकं चेंडूच्या पाठीला टेकवायची.

श्रीरामपूरच्या झहीर खानने २०११ च्या विश्वचषकात या नकल बॉलचं सोनं केलं. चेन्नईत वेस्ट इंडीजचा डेव्हन स्मिथ ८१ वर जमलेला होता. झहीरच्या स्लोअरवर त्याचा त्रिफळा उडाला आणि पुढचा डाव कोसळला. आपल्या पालघरच्या माहीमचा शार्दुल ठाकूरही नकल बॉल टाकतो. आपल्याच रेल्वेमार्गावर किट घेऊन प्रवास केलेल्या मुलाच्या बोटांत ही विद्या आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण माझ्या मनात घर करून राहिला आहे तो २०१८ च्या डिसेंबरातल्या मेलबर्न कसोटीतला चेंडू. लंचआधीचं शेवटचं षटक, शेवटचा चेंडू. बोरिवलीत वाढलेला रोहित शर्मा मिड-ऑफला होता. स्लोअर टाकून बघ, असं त्याने गोलंदाज बुमराहला सुचवलं. बुमराह नेहमीसारखाच धावत आला, हातही तसाच फिरला. ताशी १४० किलोमीटरच्या आसपास टाकणाऱ्याचा हा चेंडू ११३ च्या आसपासचा होता. दोन क्रीजमधलं अंतर कापायला सेकंदाचा जेमतेम दहावा भाग जास्त लागला असेल. तेवढ्यात फलंदाज शॉन मार्शची बॅट पुढे निघून गेली आणि चेंडू खाली बुडत पॅडवर आदळला. पायचीत. वेगवान गोलंदाजीतला इतका देखणा क्षण मी दुसरा पाहिलेला नाही.

आमचा टेनिसचा चेंडू जेमतेम ५८ ग्रॅमचा, लेदरचा १६० च्या आसपास. त्यामुळे किनाऱ्यावर वाराही गोलंदाजी करतो. दुपारनंतर वायव्येचा वारा सुटला की वाऱ्याला सामोरं, म्हणजे कळंबच्या बाजूला तोंड करून टाकायचं. हलका चेंडू वाऱ्यावर अडतो आणि टप्पा फलंदाजाच्या अंदाजाआधीच पडतो. उलट्या टोकाकडून टाकला तर वारा पाठीशी येतो आणि बोटांनी रोखलेला वेग परत देऊन टाकतो. तिथे मनगट बाहेरून कापत न्यावं लागतं, म्हणजे हाताचा जोर फिरकीत खर्च होतो.

सध्या मी हाताची पाठ फलंदाजाकडे वळवून सोडायचा स्लोअर घोटतो आहे. मनगट पुरतं उलटं करायचं आणि खांद्याला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, हे भारीच अवघड. ओला चेंडू बोटांतून निसटतो. म्हणून कोरडा चेंडू घेऊन, सुरूच्या सावलीत, एका स्टंपवर टाकत राहतो. समोर फलंदाज इतक्यात नको.