असईचा हत्ती नीलगिरीत

कुन्नूर सोडल्यावर नीलगिरीची छोटी आगगाडी पुढच्याच स्थानकावर थांबते. त्या स्थानकाचे नाव वेलिंग्टन. चहाचे मळे, धुके आणि मधूनमधून दिसणारी छावणीची लाल कौले यांनी प्रवाशाचे मन इतके गुंतून जाते, की या नावाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. माझेही गेले नसते. पण समोरच्या बाकाखाली एक काळी पत्र्याची ट्रंक होती, आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने एक बोधचिन्ह काढलेले होते: ढाल, ढालीवर हत्ती, आणि एकमेकींना छेद देणाऱ्या, धारा वर केलेल्या दोन तलवारी. ट्रंकेचा मालक मद्रास रेजिमेंटचा हवालदार होता. रजा संपवून तो रेजिमेंटच्या केंद्राकडे परत निघाला होता.

"हा हत्ती कुठला?" मी हिंदीत विचारले.

"असईचा, साहेब," तो म्हणाला. "कुठेतरी उत्तरेकडे आहे ते गाव."

मला हसू आले. माझे आजोळ त्या गावापासून चार कोसांवर आहे. भोकरदन तालुक्यातील असईला उत्तरेकडचे गाव म्हणणारा मनुष्य मला त्या दिवशी प्रथमच भेटला. मी तसे सांगताच हवालदार सावरून बसला आणि मोठ्या उत्सुकतेने त्याने विचारले, "तिथे हत्ती आहेत का?"

हत्ती नाहीत. कापूस आहे, मका आहे, आणि उन्हाळ्यात आटून जाणाऱ्या केळना व जुई या दोन नद्या आहेत. त्यांच्या संगमाजवळील जिभेसारख्या चिंचोळ्या भूभागावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. नदीला उतार सापडेना. तेव्हा समोरासमोरच्या दोन काठांवर दोन गावे दिसताच वेलस्लीने ओळखले, की यांच्यामध्ये उतार असलाच पाहिजे. शेजारची गावे एकमेकांकडे गेल्यावाचून राहत नाहीत. अशी साधी, शेतकऱ्यालाही सुचावी अशी गोष्ट त्या दिवशी निर्णायक ठरली.

पुढे जे झाले ते मात्र साधे नव्हते. शिंद्यांच्या तोफा अचूक चालत होत्या. गोलंदाज तोफांपाशीच मरून पडले. काही मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि शत्रू पुढे सरकताच उठून त्यांनी पाठीमागून पुन्हा तोफा डागल्या. इंग्रजांकडील सुमारे साडेचार हजार कवायती सैन्यापैकी दीड हजारांहून अधिक माणसे मेली अथवा जखमी झाली. पुढे वॉटर्लू जिंकूनही, आपली सर्वांत चांगली लढाई कोणती असे विचारले असता, वेलस्लीने असईचेच नाव घेतले, असे सांगतात. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि नीलगिरीतील जकतला नावाच्या छावणीला त्याचे नाव मिळाले. ज्या केंद्रात असईचा हत्ती रोज सलामी घेतो, त्या गावाला नावही असईच्याच विजेत्याचे आहे! हवालदाराला ही गोष्ट ठाऊक नव्हती.

कंपनीने त्या लढाईतील पलटणींना 'असई' हे नाव व हत्ती मानचिन्ह म्हणून दिला. त्यांत गोऱ्या पलटणी होत्या, तशाच मद्रासी शिपायांच्याही होत्या. हत्तीच का? लढाई तर तोफांनी आणि संगिनींनी झाली. मला वाटते, इंग्रजांच्या नजरेत हत्ती म्हणजेच हिंदुस्थान होता. हिंदुस्थानात पराक्रम केल्याची ती खूण.

मानचिन्हे अशीच असतात. जन्माच्या वेळी त्यांचा जो अर्थ असतो, तो ती धारण करणारांना पुढे आठवतोच असे नाही. राणीखेतच्या कुमाऊँ रेजिमेंटच्या बिल्ल्यावर हातात क्रूस घेतलेला अर्धा सिंह आहे. हा सिंह हिमालयातला नव्हे. हैदराबादेस रेसिडेंट असलेल्या हेन्री रसेल याच्या घराण्याच्या चिन्हातून तो आला. त्याने उभारलेल्या ब्रिगेडपासून ही रेजिमेंट पुढे वाढत गेली.

१९५० साली प्रजासत्ताकाबरोबर सैन्याच्या चिन्हांवरील मुकुट उतरले आणि त्यांच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. ते सोपे होते; मुकुट परक्याचा होता हे सर्वांना दिसत होते. कठीण प्रश्न असईसारख्या नावांचा होता. आपल्याच देशबांधवांवर मिळवलेला विजय निशाणावर मिरवावा काय? स्वतंत्र भारताने अशी रणसन्मानांची नावे मिरवण्यास अयोग्य ठरवली, आणि त्यांत असईही गेले. नाव गेले, हत्ती मात्र राहिला.

हे मला प्रथम अर्धवट वाटले. माझ्या आजोळी असईची लढाई हरलेल्यांच्या बाजूने सांगितली जाई. नांगराला अजून तोफेचे गोळे लागतात, असे आजी म्हणे. पण नीट पाहिले तर बाजू तरी कोणाची धरायची? वेलस्लीच्या बाजूला पेशव्यांचे घोडदळ आणि म्हैसूरचे स्वार होते. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोहलमन नावाचा जर्मन होता. आणि मद्रासी शिपाई तर पगारासाठी चालून आलेला, आपल्या घरापासून शेकडो कोस दूर मेलेला मनुष्य. शिवाय आजच्या मद्रास रेजिमेंटमध्ये स्वातंत्र्यानंतर त्रावणकोरचे सैन्यही सामील झाले आहे. ज्या सैन्याने १७४१ साली कोळच्चल येथे डच कंपनीचा पराभव केला, त्याचे ते वारस. त्यांच्याही टोपीवर आज हाच हत्ती आहे.

गाडीची शिटी झाली. हवालदाराने ट्रंक उचलली, जरा घोटाळला आणि म्हणाला, "साहेब, असईला आमचे लोक कोणाशी लढले?"

"आमच्या लोकांशी," मी म्हणालो.

तो क्षणभर गप्प राहिला. मग त्याने खिशातून पेन काढून एका कागदावर आपला पत्ता लिहून दिला. "पुढच्या वेळी गेलात, तर तिथला एक फोटो पाठवा. नदीचा."

दिवाळीनंतर मी आजोळी गेलो असता असईला जाऊन आलो. केळनेत गुडघाभर पाणी होते आणि पलीकडल्या काठावर एक बाई म्हशी धूत होती. तोच फोटो मी वेलिंग्टनला धाडला.