सज्ञान

सातबाराच्या उताऱ्यावर अल्पवयीन खातेदाराच्या नावाबरोबर 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे आढळतात. अज्ञान पालनकर्ता. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षे पुरी न झालेला तो अज्ञान आणि झालेला तो सज्ञान. मूळ इंग्रजी संज्ञा केवळ लहान-मोठेपण सांगते. आपण भाषांतर करताना त्यात ज्ञान आणून बसवले. पण वयाने सज्ञान झालेल्या ज्या माणसाच्या ज्ञानाविषयी चारचौघांना शंका आहे, त्याला या जोडीत ठेवायचे कुठे?

माझा आतेभाऊ अडतीस वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे. दहाची आणि वीसची नोट तो ओळखतो. त्यापुढची प्रत्येक नोट त्याच्या लेखी 'मोठी'. मात्र दुकानदाराने सुटे परत दिले की नाही, हे तो विसरत नाही. एस.टी.च्या पाट्या त्याला तोंडपाठ आहेत. ज्या दिवशी तो अठरा वर्षांचा झाला, त्या दिवशी आई-वडिलांचे त्याच्यावरील नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपले, आणि हे घरात कुणाच्या गावीही नव्हते. ते कळले पुढे बँकेत. खाते त्याचे, पण सही चालेना. आत्याची सही तर त्याहून चालेना. पालकत्वाचा दाखला आणा, असे सांगण्यात आले. आता आत्याची शहात्तरी उलटली आहे आणि तो दाखला माझ्या नावाने काढावा अशी तिची इच्छा आहे. "माझ्यानंतर याचं तूच बघ गं," हे वाक्य ती गेली दोन वर्षे मला ऐकवते आहे.

हा दाखला मिळतो तो राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी हा कायदा आहे. अर्ज जातो स्थानिक स्तर समितीकडे. तीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, दरवर्षी हिशेब द्यायचा. हेळसांड किंवा अपहार केल्यास त्याला काढता येते. व्यवस्था वाईट नाही. या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असल्यास कशासाठी, हे दोन प्रश्न समितीने विचारलेच पाहिजेत असे कायद्यात लिहिले आहे. आमच्या नात्यागोत्यात मात्र हे दोन्ही प्रश्न कुणी विचारले नव्हते. "पालकत्व काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल," हा सर्वांचा सूर.

कथनमीमांसा शिकवताना आपण सर्वज्ञ निवेदकाविषयी बोलतो. पात्राच्या मनात काय आहे हे त्याला न विचारता ठाऊक असते. पूर्ण पालकत्व ही मला नेमकी तशीच निवेदनपद्धती वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क कराराने या निवेदकालाच आव्हान दिले. कराराचे बारावे कलम म्हणते, कायद्यासमोरची क्षमता सर्वांना समान आहे. ती वापरण्यासाठी मदत लागत असेल तर ती मदत द्या, क्षमता काढून घेऊ नका. भारताने २००७ साली हा करार स्वीकारला. (जर्मनीने प्रौढांना 'अक्षम' घोषित करण्याची पद्धत १९९२ सालीच मोडीत काढली होती, आणि पेरूने २०१८ साली अपंग प्रौढांवरील पालकत्व रद्द केले.) आपल्याकडे २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे चंदीगढच्या सरकारी आश्रयगृहातील एका तरुणीचे प्रकरण आले. ती बलात्कारातून गर्भवती राहिली होती. तिच्या भल्यासाठी म्हणून उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. तिला मूल हवे होते. सौम्य बौद्धिक अक्षमता असली तरी सज्ञान स्त्रीच्या संमतीविना हे करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने 'मर्यादित पालकत्व' ही कल्पना आणली. तिची व्याख्या मी अनेकदा वाचली. परस्पर सामंजस्य आणि विश्वास यांवर चालणारी संयुक्त निर्णयाची पद्धत. ठरावीक काळापुरती, ठरावीक निर्णयापुरती, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार. कायद्याच्या पुस्तकात 'विश्वास' हा शब्द असा उघड्यावर ठेवलेला पाहून बरे वाटते आणि धास्तीही वाटते, कारण विश्वासाची नोंद कुठल्या रजिस्टरात करणार? शिवाय अन्य कायद्यांखाली नेमलेला पालकही यापुढे मर्यादित पालकच समजावा, असे त्याच कलमात आहे. दाखला मागणाऱ्या खिडकीवर ही ओळ कुणी वाचलेली असेल असे मला वाटत नाही.

खरी मेख मला तेराव्या कलमात सापडली. मदत करणाऱ्याचा आणि त्या व्यक्तीचा हितसंबंध एखाद्या व्यवहारात एकमेकांना छेद देत असेल, तर मदत करणाऱ्याने त्या व्यवहारापुरते बाजूला व्हावे. केवळ रक्ताचे नाते आहे म्हणून असा विरोध गृहीत धरू नये, असेही कायदा म्हणतो. पण आमच्या बाबतीत केवळ नाते नाही. आजोबांचा वाडा आहे. आत्याने आपला हिस्सा बक्षीसपत्राने मुलाच्या नावे केला आहे, वडिलांचा हिस्सा माझ्याकडे आणि माझ्या भावाकडे आला आहे, आणि वाडा पाडून इमारत बांधण्याचा प्रस्ताव पुढ्यात आहे. त्याच्या वतीने सही करणारी मी आणि समोरच्या बाजूची हिस्सेदारही मीच.

वाड्याचे काय करायचे हे त्याला समजेल का, असे सगळे म्हणत. मी कागदावर वाडा काढला, शेजारी इमारत काढली. एका बैठकीत जमले नाही. तीन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी त्याने इमारतीच्या चित्रावर बोट ठेवून विचारले, "ताई, माझी खोली कुठली? तिथून एस.टी. दिसेल?" दोन वर्षांच्या वाटाघाटींत कोणत्या हिस्सेदाराला कोणता मजला, यावर पुष्कळ बोलणे झाले होते. रस्त्याकडची खोली हवी, ही अट प्रथमच पुढे आली. ती अट आता मसुद्यात आहे.

समितीच्या अर्जात पालकत्व कशासाठी हवे, यापुढे मी बँकेचे खाते आणि औषधोपचार एवढेच लिहिले आहे. वाड्याच्या व्यवहारात त्याच्यासोबत कोण बसेल, असे त्यालाच विचारले. त्याने त्याच्या कार्यशाळेतल्या बाईंचे नाव घेतले. त्या तयार आहेत. पुढे त्याला त्या नकोशा झाल्या तर दुसरे कुणी निवडण्याचा अधिकार त्याला कायद्यानेच आहे, हेही मी आत्याला समजावून सांगितले. तिला ते पटलेले नाही. घरचं माणूस सोडून परक्या बाईला कशाला, असे तिचे म्हणणे आहे, आणि ती पंधरा दिवस माझ्याशी धड बोललेली नाही.