कोणी झिजावें?

मळसूत्राकडे कौतुकानें पाहाणारा मनुष्य विरळाच. खुर्चीचा स्क्रू ढिला झाला म्हणजे आपणांस त्याची आठवण होते, आणि तो पिळून घट्ट बसविला कीं आपण त्यास पुन्हां विसरतों. परंतु स्क्रूंमध्यें एक कष्टाळू जातहि आहे. दोन वस्तू जोडून स्वस्थ बसणें हें तिचें काम नव्हे. उचलणें, दाबणें, आवळणें, आणि तेंहि दिवसांतून पन्नास वेळां, हा तिचा नित्याचा व्यवसाय. मोटारीचा जॅक, फिटरचा व्हाइस, बुकबाइंडरचा शिकंजा, हीं सारीं तिच्याच जिवावर चालतात.

साहित्याच्या मासिकांत हें लोखंडाचें पुराण कशाला, असें कोणी विचारील. त्यास माझें उत्तर इतकेंच कीं, किर्लोस्करवाडीस नांगर घडविणाऱ्या मंडळींनींच १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' काढली आणि १९३० सालीं 'स्त्री'. मराठी वाचकाची आणि ओतशाळेची ओळख जुनीच आहे. मी केवळ तिला उजाळा देत आहें.

आमच्या आळीच्या तोंडाशीं एक वृद्ध बुकबाइंडर बसतात. सारी आळी त्यांना अण्णा म्हणते. विद्यार्थ्यांचे प्रबंध, वकिलांचे जाडजूड ग्रंथ, कोणाच्या आजोबांची ज्ञानेश्वरी, सारें त्यांच्या बिडाच्या शिकंज्याखालून जातें. ओल्या खळीचें पुस्तक दाबाखालीं वाळलें नाहीं, तर पुठ्ठे पापडासारखे वांकतात; म्हणून शिकंजा बंद म्हणजे दुकान बंद. गेल्या वर्षीं प्रबंधांच्या ऐन हंगामांत हा शिकंजा अडकला. दांडा फिरेना. खोलून पाहिलें, तों आटे खरवडून निघालेले. मूळचा नट कधीं काळीं कोणा कारागिरानें काढून तेथें साध्या पोलादाचा बसविला होता. एकाच जातीचीं दोन मऊ पोलादें तेलावांचून एकमेकांवर घासलीं कीं तीं जागोजाग चिकटतात, आणि फिरविणाऱ्यानें जोर केला कीं एकमेकांचे लचके तोडतात. भाऊबंदकीचाच प्रकार म्हणा ना!

"साहेब, या खेपेस असं कडक पोलाद घाला, कीं माझ्या नातवालासुद्धां बघायला नको," अण्णा म्हणाले. सोबत त्यांनीं जुन्या बाजारांतून मालमोटारीच्या तुटक्या ॲक्सलचा तुकडा आणला होता.

स्वस्तांतलें पोलाद हा मोठा मोह असतो. मीं तो तुकडा ग्राइंडरच्या चाकावर धरून ठिणग्या पाहिल्या. पोलादाची जात ठिणगींत कळते. कर्ब थोडा असला तर लांब, सरळ, पिंवळसर रेषा निघतात. कर्ब वाढत जातो तसे रेषांच्या टोकांशीं फुलबाजीचे फुटवे येतात. आणि बीड असेल तर आंखूड, तांबूस, मरगळलेल्या ठिणग्या. अण्णांच्या तुकड्यानें दिवाळीच केली. कानस तर त्यावरून घसरून गेली. परंतु ठिणगी जात सांगते, आयुष्य सांगत नाहीं. लक्षावधि हेलकावे खाऊन एके ठिकाणीं तुटलेल्या ॲक्सलांत आणखी कोठें डोळ्यांस न दिसणारी चीर असेल, हें कोणीं सांगावें? तुकडा मीं बाजूस ठेवला.

मग उरलीं दुकानांत मिळणारीं पोलादें. आपल्याकडे अजूनहि तीं 'ईएन' या अक्षरांनीं ओळखलीं जातात. हे क्रमांक १९४१ सालीं, महायुद्धाच्या धामधुमींत, ब्रिटिश मानकांत आले. पुढें इंग्रजांच्या देशांतहि ते बदलले, पण आमच्या पोलादवाल्याच्या तोंडीं तेच आहेत. ईएन १ए हें गंधक मिसळलेलें, कापावयास लोण्यासारखें, पण जड कामास लेचेंपेचें. ईएन २४ मध्यें निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम. तें मोठें घराण्याचें पोलाद, पण माझ्या पडवींतल्या लहानशा लेथास तें दमवितें. मधलें ईएन ८, शेंकडा ०.४ कर्बाचें. मी काटकसर करतों आहें असें अण्णांना वाटलें; म्हणून त्यांच्यासमोरच हिशेब मांडला. दोन हातांचा वीस-वीस किलोंचा जोर, पाव मीटरचा दांडा. घर्षणाचा वाटा वजा घालतां दाब येतो सुमारें दोन टन. ३० मिलिमीटरच्या स्क्रूला आटे पाडल्यावर गाभा उरतो २३ मिलिमीटर. म्हणजे चौरस मिलिमीटरवर पांच किलोंहून थोडा कमीच भार. ईएन ८ याच्या पांचपट निमूटपणें सोसतें. शिकंज्याचा स्क्रू तुटून मरत नाहीं, झिजून मरतो.

जुने आटे चौकोनी होते. त्यांत जोर कमी वायां जातो हें खरें, पण ते पाडतांना हत्यार दोन उभ्या भिंतींमध्यें कोंडतें. म्हणून तीस अंशांच्या कोनाचे, ६ मिलिमीटर अंतराचे आटे ठरविले. त्यांचा चढ अवघा चार अंशांचा. इतक्या सौम्य चढावर घर्षणच भार धरून ठेवतें, आणि म्हणूनच अण्णा रात्रीं दांडा सोडून निर्धास्त घरीं जातात.

माझ्या लेथाचा मुख्य स्क्रू इंची मापाचा. इंचाचें मिलिमीटरांत भाषांतर करण्यास १२७ दातांचें चक्र लागतें, कारण पांच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर, आणि १२७ ही मूळ संख्या असल्यानें तिच्याशीं तडजोड चालत नाहीं. असें भाषांतर चालू असतां लेथाची पकड मध्येंच सोडतां येत नाहीं. प्रत्येक फेऱ्यानंतर हत्यार मागें घेऊन सारें यंत्र उलटें फिरवीत आरंभास आणावें लागतें. खोली साडेतीन मिलिमीटर. आरंभीं एका फेऱ्यास मिलिमीटरचा दहावा हिस्सा, शेवटीं त्याच्याहि निम्मा. पन्नासांच्या आसपास फेरे झाले. हत्याराची एक बाजू आट्याच्या चढाइतकी अधिक घासून द्यावी लागते, नाहीं तर तें कापीत नाहीं, नुसतें रगडतें. तेलाचा धूर माजघरापर्यंत गेला. घरांतल्या मंडळींनीं त्याविषयीं काय म्हटलें तें येथें देण्याचें कारण नाहीं.

खरा वाद झाला नटावरून. मीं तो गनमेटलचा, म्हणजे शंभरांत ८८ भाग तांबें, १० कथील व २ जस्त, असा करण्याचें ठरविलें.

"मऊ धातू? मग तो झिजायचा नाहीं का?" अण्णांनीं विचारलें.

झिजेल, आणि झिजावा म्हणूनच तो. नटाच्या पहिल्या तीन-चार आट्यांवरच निम्म्याहून अधिक भार पडतो. नट कडक असला तर ते एकटेच सोसतात, मऊ असला तर थोडे दबून शेजाऱ्यांस वाटून देतात. शिवाय स्क्रू करावयास मला चार दिवस लागले, नटास एक दुपार. दोहोंपैकीं एकानें झिजावयाचेंच, तर स्वस्त असेल त्यानें झिजावें.

अण्णा कांहीं वेळ गप्प होते. मग समोरच्या फाटक्या पोथीवर हात ठेवून म्हणाले, "आमच्यांत पण तसंच आहे, साहेब. खळ कागदापेक्षां जोरदार असून चालत नाहीं. हल्लीं पोरं तो पांढरा गोंद लावतात. मग पान फाटतं, पण सांधा सुटत नाहीं. खळीचा सांधा पाण्यानं सुटतो. पुस्तक पुन्हां बांधतां येतं."

त्यांच्या खळीचा वास मी लहानपणापासून ओळखतों. किडीसाठीं तींत मोरचूद घालतात हेंहि ठाऊक होतें. हें मात्र प्रथमच ऐकलें.

नट बसविल्यावर अण्णांनीं दांडा दोनदां फिरवून पाहिला, आणि मी निघतांना म्हणाले, "असला आणखी एक करून ठेवा." तो केला. तेल चोपडून, कागदांत गुंडाळून तो दुकानांत खिळ्याला टांगलेला आहे. कागदावर त्यांनीं नातवाचें नांव लिहिलें आहे.